व्यावसायिक संकेतस्थळांची सुगम्यता

खरेदी, आरक्षण, बँकव्यवहार, ग्राहकसेवा अशा कामांसाठी व्यवसायांनी चालवलेली संकेतस्थळे दृष्टी, श्रवण, हालचाल, वाचा किंवा आकलन यांत मर्यादा असलेल्या व्यक्तींना दुसऱ्याच्या मदतीवाचून वापरता यावीत, अशा रीतीने ती घडवणे म्हणजे त्यांची सुगम्यता होय. ‘मदतीवाचून’ हा या व्याख्येतला सर्वांत महत्त्वाचा शब्द आहे. आपला पासवर्ड, औषधांची यादी किंवा खात्यातली शिल्लक शेजाऱ्याला दाखवल्याखेरीज ज्या ग्राहकाला व्यवहार पुरा करता येत नाही, त्याच्यासाठी ते दुकान उघडे आहे असे म्हणता येणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी लोकांना, म्हणजे लोकसंख्येच्या १६ टक्क्यांना, लक्षणीय स्वरूपाचे अपंगत्व आहे.

हे ग्राहक संकेतस्थळ कसे वापरतात, हे ठाऊक नसेल तर पुढचे नियम निरर्थक वाटतात. अंध व्यक्ती जॉज, एनव्हीडीए, व्हॉइसओव्हर किंवा टॉकबॅक यांसारखा स्क्रीन रीडर वापरते. हा स्क्रीन रीडर पडद्यावरचे चित्र पाहत नाही, तर पानामागचा एचटीएमएल (पान ज्या संगणकीय भाषेत लिहिलेले असते ती) मजकूर वाचून तो आवाजात किंवा ब्रेल लिपीत देतो. डोळस माणूस पानावरून नजर फिरवतो, तशी स्क्रीन रीडर वापरणारी व्यक्ती एका मथळ्यावरून दुसऱ्या मथळ्यावर उड्या घेते. म्हणून केवळ ठळक व मोठ्या अक्षरांत छापलेला, पण मथळा म्हणून न नोंदवलेला मजकूर तिच्या लेखी मथळाच नसतो. पानाची भाषा नोंदवलेली नसेल तर एका भाषेचा मजकूर दुसऱ्या भाषेच्या उच्चारांत वाचला जाण्याची शक्यता असते. हात स्थिर न राहणारी व्यक्ती माउसऐवजी कळफलक, एकच मोठी कळ किंवा आवाजी आज्ञा वापरते. अल्पदृष्टी असलेली व्यक्ती पान अनेक पटींनी मोठे करून पाहते. जन्मतः बधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असल्याने त्यांना चित्रफितीची उपशीर्षके तर लागतातच, शिवाय लांबलचक औपचारिक वाक्येही अडखळवतात.

या क्षेत्रातील सर्वमान्य मापदंड वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्टियम या वेबचे तांत्रिक मापदंड ठरवणाऱ्या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनी घालून दिले. त्यांची पहिली आवृत्ती १९९९ मध्ये, दुसरी २००८ मध्ये आली, २.१ ही सुधारित आवृत्ती २०१८ मध्ये आणि २.२ ही २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. आशय इंद्रियांना जाणवणारा, हाताळता येणारा, समजणारा आणि निरनिराळ्या साधनांत टिकणारा असावा, ही त्यांची चार सूत्रे होत. कसोट्यांच्या ए, डबल ए आणि ट्रिपल ए अशा तीन चढत्या पातळ्या असून कायदे व करार बहुधा डबल ए पातळी मागतात. या पातळीवर साध्या अक्षरांच्या आणि पार्श्वभूमीच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांचे ३ : १ असावे लागते, तर मजकूर दुपटीने मोठा केल्यावरही काही झाकले जाता कामा नये.

व्यावसायिक संकेतस्थळाची खरी परीक्षा मुखपृष्ठावर होत नाही. ती वस्तू शोधण्यापासून पैसे भरण्यापर्यंतच्या वाटेवर होते, आणि या वाटेवरचा एक अडथळाही सगळी वाट बंद करतो. माहिती भरायच्या रकान्याचे नाव त्या रकान्याशी जोडलेले नसेल, तर स्क्रीन रीडर नुसते ‘मजकूर भरा’ एवढेच सांगतो आणि तेथे पिनकोड हवा की दूरध्वनी, हे ग्राहकाला कळत नाही. रकान्यात फिकट अक्षरांत दिलेली सूचना टंकन सुरू होताच नाहीशी होते. ती नावाची जागा घेऊ शकत नाही. चूक केवळ लाल चौकटीने दाखवली, तर ती अंध ग्राहकाला कळतच नाही आणि रंगभेद न ओळखणाऱ्यालाही सहसा निसटते. कोणत्या रकान्यात काय चुकले, हे शब्दांत सांगावे लागते. बटणासारखे दिसणारे पण बटण म्हणून न लिहिलेले चौकोन कळफलकाने दाबता येत नाहीत. सवलतीची जाहिरात करणारी खिडकी मध्येच उघडली आणि कळफलकाने बंद करता आली नाही, तर ग्राहक तिच्यातच अडकतो. वेळमर्यादा असल्यास ती संपण्याआधी सूचना देऊन वाढवून घेण्याची सोय हवी. पैशाच्या व्यवहारात तर पाठवलेली माहिती मागे घेण्याची, तपासली जाण्याची किंवा शेवटच्या होकारापूर्वी पाहून दुरुस्त करण्याची संधी द्यावी, असे मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट सांगतात. २.२ आवृत्तीने आणखी एक मोलाची भर घातली : प्रवेश करताना पासवर्ड आठवण्याची किंवा कोडे सोडवण्याची सक्ती, पर्याय किंवा साहाय्य न देता, करू नये.

छायाचित्रांसोबतचा पर्यायी मजकूर, म्हणजे चित्रात काय आहे हे सांगणारे शब्द, हा वरवर क्षुल्लक, पण विक्रीच्या दृष्टीने निर्णायक भाग आहे. तो मुळीच दिला नाही, तर स्क्रीन रीडर अनेकदा फाइलचे निरर्थक नाव वाचतो. ‘निळा सदरा’ हे वर्णन यादीत पुरेसे असते. त्याच सदऱ्याच्या स्वतंत्र पानावर मात्र गळ्याचा आकार, बाहीची लांबी आणि कापडाची वीण सांगावी लागते, कारण डोळस ग्राहक छायाचित्रातून नेमके तेच पाहत असतो. केवळ शोभेच्या चित्राचा पर्यायी मजकूर हेतुपुरस्सर रिकामा ठेवतात, म्हणजे वाचन त्यावर अडत नाही. मापांचा तक्ता चित्र म्हणून टाकला, तर त्यातले आकडे स्क्रीन रीडरपर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून ती प्रथा सोडून देण्यासारखी आहे.

कायद्यांनीही हा विषय उचलला आहे. अमेरिकेत अंधांच्या राष्ट्रीय महासंघाने टार्गेट या विक्रेत्या कंपनीवर २००६ मध्ये भरलेला दावा २००८ मध्ये ६० लाख डॉलरच्या तडजोडीने मिटला. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदा २८ जून २०२५ पासून ऑनलाइन विक्रीसह अनेक सेवांना लागू झाला. सेवा देणारे अतिलहान उद्योग त्यातून वगळलेले आहेत. भारतात दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा अधिनियम २०१६ चा आहे. ऑनलाइन सेवांसाठी कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून ओळख पटवण्याची अट ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्यांना आणि अंधांना पुरी करता येत नाही, या तक्रारीवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निर्णय देताना डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

प्रत्यक्ष स्थिती मात्र निराशाजनक आहे. वेबएम या संस्थेने २०१९ ते २०२५ या काळात दरवर्षी दहा लाख मुखपृष्ठे यंत्राने तपासली, तेव्हा ९४ टक्क्यांहून अधिक पानांवर दोष सापडले आणि फिकट अक्षरे हा त्यांतला सर्वांत सामान्य दोष ठरला. यंत्रालाही मर्यादा आहेत : पर्यायी मजकूर आहे की नाही हे ते सांगते, तो खरा आहे की नाही हे सांगू शकत नाही. तयार संकेतस्थळावर संगणकीय आज्ञांची एक ओळ जोडून ते आपोआप सुगम करण्याची हमी देणारी साधने बाजारात विकली जातात. अशा एका विक्रेत्याच्या दाव्यांना दिशाभूल करणारे ठरवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२५ मध्ये त्याला १० लाख डॉलर भरायला लावले. माउस बाजूला ठेवून केवळ टॅब, एंटर आणि बाणांच्या कळांनी एक खरेदी पुरी करून पाहणे, ही कोणत्याही उद्योगाला त्याच दिवशी करता येणारी तपासणी आहे. त्यानंतर स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या व्यक्तींकडून मोबदला देऊन चाचणी करून घ्यावी आणि रचनेत मोठा बदल होईल तेव्हा ती पुन्हा करावी.