यंग अडल्ट प्रेमकथा आणि फँटसी : वाचन आणि परीक्षण

साधारण १२ ते १८ या वयोगटासाठी लिहिल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांना प्रकाशनव्यवसायात ‘यंग अडल्ट’, थोडक्यात ‘वायए’, असे नाव रूढ आहे. प्रेमकथा आणि फँटसी, म्हणजे अद्भुतकथा, हे त्यातले दोन अतिशय लोकप्रिय प्रकार. त्यांच्याभोवती परीक्षणाची एक स्वतंत्र परंपरा उभी राहिली आहे. तिच्यात ग्रंथपालांच्या नियतकालिकांतली छोटी टिपणे येतात, वृत्तपत्रांतले लेख येतात आणि आता मोठ्या प्रमाणावर वाचकांनीच लिहिलेली-बोललेली मतेही येतात. वायए ही विभागणी वाचकाच्या वयावरून झालेली आहे. प्रेमकथा आणि फँटसी ही कथेच्या जातीवरून. त्यामुळे परीक्षण लिहिणाऱ्याला दोन प्रश्नांची उत्तरे एकदम द्यावी लागतात. ही कथा आपल्या जातीत किती कसाची आहे, आणि सोळा वर्षांच्या वाचकाच्या हाती ती काय देते? पहिल्याच प्रश्नावर थांबणारे परीक्षण ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले त्यालाच विसरते. दुसऱ्याच प्रश्नात अडकलेले परीक्षण उपदेशाकडे झुकते.

वायए कादंबरीतले मुख्य पात्र बहुधा १४ ते १८ वर्षांचे असते, पण तेवढ्यावरून पुस्तक वायए ठरत नाही. प्रौढ निवेदक आपल्या पौगंडावस्थेकडे मागे वळून पाहत असेल, तर ती कादंबरी सहसा प्रौढांच्या कपाटात जाते. वायएत निवेदन घटनेला चिकटून चालते, म्हणूनच प्रथमपुरुषी आणि वर्तमानकाळी निवेदन इथे इतके आढळते. सांगणाऱ्याला पुढचे ठाऊक नसते आणि नंतर आलेले शहाणपणही त्याच्यापाशी नसते. ‘नायिका मूर्खासारखे निर्णय घेते’ ही तक्रार परीक्षणांत वारंवार दिसते. ती करण्याआधी, त्या क्षणी नायिकेला काय माहीत होते, हे तपासायला हवे. सगळे समोर दिसत असताना कथानक रेटण्यासाठी लेखकाने तिला आंधळे केले असेल, तर तक्रार रास्त आहे. तिला खरेच माहीत नसेल, तर ती चूक त्या वयाची आहे आणि बहुतेक वेळा कादंबरीचा विषयच ती आहे.

या वर्गाला आकार देण्यात अमेरिकेतल्या सार्वजनिक ग्रंथालयांचा वाटा मोठा आहे. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९५७ मध्ये किशोरवयीन वाचकांसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला. आज तो याल्सा या नावाने ओळखला जातो. १९६७ मध्ये एस. ई. हिंटन यांची ‘द आउटसायडर्स’ प्रसिद्ध झाली. ती त्यांनी शाळेत असतानाच लिहायला घेतली होती, आणि किशोरांविषयी किशोराच्याच आवाजात लिहिता येते हे प्रकाशकांना त्यातून दिसले. पुढच्याच वर्षी उर्सुला ले ग्विन यांच्या ‘अ विझर्ड ऑफ अर्थसी’ने जादू शिकणाऱ्या मुलाची गोष्ट सांगताना त्याच्या गर्वाची किंमतही सांगितली. १९७५ मधल्या ज्युडी ब्लूम यांच्या ‘फॉरएव्हर’मध्ये किशोरवयीन प्रेमातले शरीरसंबंध नायिकेला शिक्षा न करता आले. त्या पुस्तकावर ग्रंथालयांतून आक्षेप येत राहिले आणि ते वाचलेही जात राहिले.

पुढची मोठी उसळी जादूगारांच्या शाळेच्या ‘हॅरी पॉटर’ मालिकेने आणली. प्रौढांच्या यादीतल्या वरच्या जागा ती पुस्तके अडवून बसल्याने ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला २००० मध्ये मुलांच्या पुस्तकांची वेगळी खपयादी सुरू करावी लागली. त्याच वर्षी वायए साहित्यासाठीचे प्रिंट्झ पारितोषिक पहिल्यांदा दिले गेले. २००५ मध्ये ‘ट्वायलाइट’ आणि २००८ मध्ये ‘द हंगर गेम्स’ आल्यानंतर प्रकाशक अलौकिक प्रियकर आणि उद्ध्वस्त भविष्यकाळ यांच्या मागे लागले.

या काळात वाचकही बदलला. बाउकर या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, १२ ते १७ या वयासाठी म्हणून छापलेली पुस्तके विकत घेणाऱ्यांत ५५ टक्के लोक १८ किंवा त्याहून मोठे होते, आणि त्यांतले बहुतेक स्वतःच्या वाचनासाठीच खरेदी करत होते. मोठ्यांनी ही पुस्तके वाचण्यात काही वावगे नाही. मात्र खरेदीदार मोठा झाला की नायिकाही हळूहळू मोठी होते, प्रसंग अधिक धीट होतात आणि चौदा वर्षांच्या वाचकाची जागा आक्रसते. सेंट मार्टिन्स प्रेसने २००९ मध्ये ‘न्यू अडल्ट’ हे नाव पुढे आणले ते याच सीमेवरच्या पुस्तकांसाठी. अलीकडे ‘रोमँटसी’ (प्रेमकथा आणि फँटसी यांचे मिश्रण) या नावाखाली खपणाऱ्या पुस्तकांत प्रौढांसाठीची आणि किशोरांसाठीची अशी दोन्ही येतात, आणि मुखपृष्ठावरून त्यांतला फरक कळेलच असे नाही. पुस्तक नेमके कोणत्या वयासाठी आहे, त्यातले शारीरिक जवळिकीचे आणि हिंसेचे प्रसंग किती उघड आहेत, हे सांगणे म्हणूनच परीक्षणाचे काम झाले आहे.

प्रेमकथा वाचताना

रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका या लेखकसंघटनेची व्याख्या दोन अटी घालते: प्रेमकथा कथानकाच्या केंद्रस्थानी हवी आणि शेवट समाधान देणारा, आशादायी हवा. वायएत या दुसऱ्या अटीला थोडी मुरड पडते. सतराव्या वर्षी दिलेले जन्मभराचे वचन वाचकाला पटवणे अवघड असते, म्हणून ‘सध्यापुरते सुख’ हा शेवट इथे अधिक प्रामाणिक वाटतो. ती दोघे एकत्र येणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक असते. त्यामुळे ‘शेवट आधीच कळला’ हा प्रेमकथेवरचा आक्षेप होऊ शकत नाही. पाहायचे ते असे की मधला अडसर खरा आहे की एका संभाषणात सुटणारा गैरसमज दोनशे पाने ताणला आहे.

प्रेमकथेचे ठरलेले साचे वाचक नावानिशी ओळखतात: शत्रूचे प्रियकर होणे, खोटे प्रेम खरे होणे, प्रेमाचा त्रिकोण, पाहताक्षणी प्रेम, हळूहळू पेटत जाणारे प्रेम. साचा वापरला म्हणून पुस्तक सामान्य ठरत नाही. बरेचसे वाचक पुस्तक उचलतात तेच साचा पाहून. पण साचा पूर्ण भरला आहे का, हे मात्र पाहायला हवे. शत्रूंच्या प्रेमकथेत वैर खरे असेल, कुणाचे काही खरोखर हिरावले गेले असेल, तर प्रेमाआधी त्याचा हिशेब व्हायला हवा. नुसत्या टोमण्यांना वैर म्हणून खपवले असेल, तर मिलनातही दम राहत नाही. त्रिकोण चांगला जमतो तो दोन प्रियकरांच्या मागे नायिकेसमोरची दोन वेगळी आयुष्ये उभी असतात तेव्हा. एरवी तो दुसरा भाग लिहिण्याची सोय एवढाच उरतो.

सर्वांत जपून वाचावे लागते ते सत्तेचे गणित. पाठलाग करणे, झोपलेल्या मुलीकडे नकळत पाहत राहणे, तिला मैत्रिणींपासून तोडणे, तिच्या भल्यासाठी म्हणून तिच्यापासून सत्य लपवणे, हे सगळे या कादंबऱ्यांत प्रेमाची खूण म्हणून अनेकदा येते. कादंबरीने असे वागणे दाखवले म्हणून तिला दोषी धरता येत नाही. किशोरांच्या आयुष्यात असे वागणे असते, तर ते पुस्तकांतही यायलाच हवे. कादंबरी त्या वागण्याला बक्षीस देते का, हे परीक्षणाने शोधावे. कथेतले कोणी त्याला नाव ठेवते का? त्याची किंमत कोण मोजते? नायिका नाही म्हणाली तर तिचे ‘नाही’ टिकते का? या प्रश्नांची उत्तरे मजकुरातच सापडतात आणि प्रसंगाचा आधार देऊन ती मांडता येतात. ‘नातेसंबंध विषारी आहे’ एवढा शिक्का मारून थांबणारे परीक्षण वाचकाला हे पाहायला शिकवत नाही.

फँटसी वाचताना

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक जे. आर. आर. टोल्किन यांनी १९३९ मध्ये स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज इथे दिलेल्या व्याख्यानात दुय्यम जगाची कल्पना मांडली: कथाकार असे जग रचतो की त्याच्या आत असेपर्यंत तिथले सगळे वाचकाला खरे वाटते, आणि अविश्वास जागा झाला की जादू संपते. फँटसीच्या परीक्षणातला हा आजही सर्वांत उपयोगी निकष आहे. समीक्षक फारा मेंडलसन यांनी २००८ मध्ये फँटसीचे चार प्रकार मांडले. पहिल्यात नायक एका दारातून दुसऱ्या जगात जातो, दुसऱ्यात कथा मुळातच त्या जगात घडते, तिसऱ्यात अद्भुत आपल्या जगात घुसते, आणि चौथ्यात ते उंबरठ्यावरच रेंगाळते. हा भेद वर्गीकरणापुरता नाही. पहिल्या प्रकारात नायिका परकी असते, तिला समजावून सांगताना वाचकालाही समजते. दुसऱ्या प्रकारात जन्मापासून त्या राज्यात वाढलेली मुलगी तिथला इतिहास पानभर सांगू लागली की खटकते, कारण तो तिला कुणाला सांगण्याचे कारणच नसते.

जादूचे नियम वाचकाला जितके समजलेले असतील, तितकेच त्या जादूने कथेतले पेच सोडवावेत, असे फँटसीकार ब्रँडन सँडरसन यांचे सूत्र आहे. वायएत ‘निवडलेली मुलगी’ हा साचा प्रबळ असल्यामुळे हे सूत्र फार वेळा मोडते: शेवटच्या लढाईत तिच्यात आजवर न दिसलेली शक्ती जागी होते आणि सगळे संपते. जादूला किंमत आहे का, तिच्यासाठी काही गमवावे लागते का, हे पाहिले की लेखकाने जगाचा किती विचार केला आहे ते कळते.

प्रेमकथा आणि फँटसी यांचा सांधा जुळतो तिथे परीक्षणाची खरी कसोटी लागते. जादू काढून टाकली तरी प्रेमकथा जशीच्या तशी उभी राहत असेल, तर ती जादू नाटकातल्या रंगवलेल्या पडद्यासारखी मागे टांगलेली आहे. चांगल्या पुस्तकात दोन्ही एकमेकांना अडवतात. स्पर्शाने माणसे मारणारी मुलगी प्रेमात पडली, तर तिच्या प्रेमाचा प्रत्येक प्रसंग त्या शापाच्या नियमांतूनच घडतो. या सांध्यावर दोन जुन्या अडचणीही आहेत. एक, शेकडो वर्षे जगलेला प्रियकर आणि सतरा वर्षांची नायिका. बहुतेक लेखक त्याला तरुण चेहरा देऊन वयाचा प्रश्न मिटला असे धरतात, पण शेकडो वर्षांचा अनुभव त्याच्या बोलण्यात दिसला तर विषमता भयावह होते आणि दिसला नाही तर पात्र खोटे पडते. दुसरी, नियतीने जोडलेली जोडी. जादूनेच दोघांना बांधले असेल, तर त्यांनी एकमेकांना निवडले असे म्हणता येत नाही, आणि निवड हाच तर वायएचा गाभा आहे. काही कादंबऱ्या हे ओळखतात: नायिका बंध नाकारते, तोडते, आणि मगच त्या माणसाकडे जायचे की नाही ते ठरवते. असे पुस्तक भेटले तर परीक्षणात ते आवर्जून सांगावे.

परकीय संस्कृतीतल्या देवता, पोशाख, शब्द उचलून राज्य सजवणे हा आणखी एक चर्चेचा मुद्दा. बालसाहित्याच्या अभ्यासक रुडिन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये मुलांची पुस्तके ही आपले रूप दाखवणारा आरसा, दुसऱ्यांचे जग दाखवणारी खिडकी आणि त्या जगात नेणारे सरकते काचेचे दार असतात, असे म्हटले होते. आपले रूप दिसावे म्हणून पुस्तक उघडणाऱ्या वाचकाला त्यात केवळ सजावट सापडली, तर ती उणीव नोंदवण्याजोगी असते.

परीक्षणाची साधने आणि रीती

मुलांच्या पुस्तकांना वाहिलेले ‘हॉर्न बुक’ १९२४ पासून, ‘कर्कस’ १९३३ पासून आणि ‘स्कूल लायब्ररी जर्नल’ १९५४ पासून परीक्षणे छापत आले. किशोरांसोबत काम करणाऱ्या ग्रंथपालांसाठी १९७८ मध्ये ‘व्होया’ हे नियतकालिक निघाले आणि त्याने एक अतिशय शहाणी पद्धत रूढ केली: प्रत्येक पुस्तकाला गुणवत्तेसाठी वेगळे आणि लोकप्रियतेसाठी वेगळे, पाचपैकी गुण. लेखन बेताचे, पण किशोर त्यावर तुटून पडतील, किंवा लेखन उत्तम, पण ते मुलांच्या हाती मुद्दाम द्यावे लागेल, असे दोन्ही त्यात सांगता येत असे. एकाच आकड्यात सगळे कोंबणाऱ्या आजच्या पद्धतीला ही सोय नाही. २००७ मध्ये सुरू झालेल्या, वाचकांनी पुस्तकांना तारे देण्याच्या गुडरीड्स या संकेतस्थळावर दोन ताऱ्यांचा अर्थ ‘ठीक होते’ आणि तीन ताऱ्यांचा ‘आवडले’ असा दिला आहे, पण अनेक वाचक तीन तारे म्हणजे नापसंती समजून मते देतात. ताऱ्यांच्या सरासरीपेक्षा तीन तारे देणाऱ्यांचा मजकूर वाचणे म्हणूनच अधिक उपयोगी ठरते. आवडलेले आणि खटकलेले दोन्ही तिथे सापडते.

प्रकाशनाआधीच्या प्रती परीक्षणासाठी मोफत दिल्या जातात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००९ मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशी भेट मिळाली असेल तर ते वाचकाला सांगायला हवे. अशा प्रतीतला मजकूर अंतिम नसतो, त्यामुळे त्यातली वाक्ये छापील पुस्तकाशी ताडल्याशिवाय उद्धृत करत नाहीत. पुस्तक अर्धवट सोडले असेल तर कुठे आणि का सोडले हे लिहावे. ते प्रामाणिक मत असते. न वाचता ऐकीव माहितीवर दिलेले तारे मात्र परीक्षण नव्हेत. वायए फँटसीत हा प्रश्न खरोखरचा आहे: २०१९ मध्ये एका नव्या लेखिकेने प्रकाशनापूर्वीच उठलेल्या टीकेनंतर आपली कादंबरी मागे घेतली आणि सुधारून त्याच वर्षाच्या अखेरीस प्रसिद्ध केली.

२०२० नंतर टिकटॉकवरच्या छोट्या चित्रफितींनी परीक्षणाचा सूर बदलला. २०१४ मधली एक रहस्यमय वायए कादंबरी वाचकांच्या रडक्या प्रतिक्रियांमुळे सहा-सात वर्षांनी पुन्हा खपयादीत आली. अशा चित्रफितींत साच्यांची नावे भराभर सांगतात. हवे ते पुस्तक शोधायला ती पुरतात, पण तोच साचा एका लेखिकेच्या हाती का फुलतो आणि दुसरीच्या हाती का कोमेजतो, हे त्यांतून कळत नाही. तरीही हे बोलणारे बरेचसे स्वतः किशोर किंवा नुकते वीस ओलांडलेले आहेत आणि त्यांचा आनंद अस्सल आहे. याल्साच्या ‘टीन्स टॉप टेन’ या वार्षिक निवडीत पुस्तके सुचवणारे आणि मत देणारे किशोरच असतात, आणि प्रौढ परीक्षकांच्या पारितोषिकांच्या याद्यांशेजारी ही यादी ठेवून पाहिली की दोन्हींत पुस्तके बहुधा वेगळी असतात.