रेषेवरून माणूस ओळखणारे वाचक

सुपरहिरो कॉमिक हातात आलं की मी गोष्टीआधी नावं वाचतो. लेखन, पेन्सिल, शाई, रंग, अक्षरं. सुरुवातीच्या एखाद्या पानावरच्या छोट्या चौकटीत पाच-सहा जण दाटीवाटीने बसलेले असतात. ही चौकट पहिल्यापासून नव्हती. ती येण्यात वाचकांचा मोठा वाटा आहे आणि या कॉमिक्सच्या इतिहासातला मला सगळ्यांत प्रिय भाग तोच आहे.

मुळात हे जगच फॅन मंडळींनी उभं केलं. क्लीव्हलँडमधले दोन शाळासोबती, जेरी सीगल आणि जो शूस्टर, विज्ञानकथांच्या मासिकांनी झपाटलेले होते. त्या मासिकांत वाचकांची पत्रं पत्त्यासकट छापून येत. त्यावरून वाचक एकमेकांना लिहीत, ओळखी होत, आणि काही जण स्वतःचंच मासिक सायक्लोस्टाइल करून काढत. या दोघांनीही काढलं. १९३३ च्या एका अंकात त्यांचा पहिला ‘सुपरमॅन’ आला, पण तो होता टक्कल पडलेला खलनायक. जून १९३८ ची तारीख असलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकावर मोटार डोक्यावर उचलणारा सुपरमॅन झळकला तेव्हा अंकाची किंमत होती १० सेंट. निर्मात्यांना मिळाले १३ पानांचे १३० डॉलर, आणि तेवढ्यात सगळे हक्क गेले. पुढे ते हक्कांसाठी कोर्टात गेले आणि गोष्टीवरचं नावही गेलं. १९७५ च्या तडजोडीत नाव परत मिळालं, सोबत प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर.

बॅटमनची कथा याहून जिव्हारी लागणारी. १९३९ मध्ये तो आला आणि त्यानंतर कित्येक वर्षं त्याच्यावर सही एकाच माणसाची, बॉब केन यांची. केन यांच्या पहिल्या कच्च्या चित्रात लाल कपडे, डोळ्यांपुरता मुखवटा आणि पाठीला ताठ पंख होते. पंख काढून केप दे, टोकदार कानांचा बुरखा घाल, कपडे राखाडी कर, हे सुचवलं बिल फिंगर यांनी. पहिली गोष्ट लिहिली तीही त्यांनीच. चित्रं काढणारेही केन एकटे नव्हते. १९४० च्या दशकापासून डिक स्प्रँग यांनी ढीगभर पानं काढली, सगळी केन यांच्या सहीखाली. पण हात लपत नाही. माणसांपेक्षा कितीतरी मोठे टाइपरायटर, त्यांच्यावरून धावणारे बॅटमन-रॉबिन, चौकोनी हनुवटी, लांबलचक दात काढून हसणारा जोकर हे सगळं पाहणाऱ्याच्या लक्षात राहत होतं. नाव ठाऊक नसतानाही वाचक ‘हा तो चांगला चित्रकार’ म्हणून त्याचे अंक निवडत. माझ्या लेखी कॉमिक्सचं रसग्रहण तिथेच सुरू झालं.

१९५४ मध्ये कॉमिक्समुळे मुलं बिघडतात अशी ओरड अमेरिकेच्या सिनेटपर्यंत पोचली. प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली आणि बरीच प्रकाशनं बुडाली. सुपरहिरो परतले ते १९५६ मध्ये, अफाट वेगाने धावणाऱ्या नव्या फ्लॅशबरोबर. त्याचं खरं नाव बॅरी ॲलन, आणि तो स्वतः कॉमिक्सचा वाचक! जुन्या फ्लॅशचा अंक हातात असतो आणि त्यावरूनच तो आपलं नाव ठरवतो. नव्या फ्लॅशच्या अंकाचे संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनी तरुणपणी विज्ञानकथांचं फॅन-मासिक काढलं होतं. जुनी सवय त्यांनी इथे आणली आणि वाचकांची पत्रं पूर्ण पत्त्यासह छापायला सुरुवात केली. दूरदूरच्या गावांत एकेकटे वाचणारे लोक त्यातून एकमेकांना सापडले. १९६१ मध्ये डेट्रॉईटचे प्राध्यापक जेरी बेल्स यांनी रॉय थॉमस यांच्या साथीने ‘ऑल्टर इगो’ हे फॅन-मासिक काढलं. पुढे थॉमस मार्व्हल या कॉमिक्स प्रकाशनात लेखक आणि नंतर संपादक झाले.

१९६५ च्या न्यूयॉर्कमधल्या संमेलनात बिल फिंगर चाहत्यांसमोर बोलले. बेल्स यांनी त्यानंतर फिंगर यांच्या वाट्याबद्दल लेख लिहिला. केन यांनी खुलं पत्र लिहून तो दावा फेटाळला आणि वर्षानुवर्षं कागदोपत्री काहीच बदललं नाही. तरी चाहत्यांमध्ये ती गोष्ट पसरली ती पसरलीच.

त्याच काळात मार्व्हलच्या अंकांत लेखकासोबत पेन्सिलर (पेन्सिलने चित्रं काढणारा), इंकर (त्यावर शाई फिरवणारा), लेटरर (अक्षरं लिहिणारा) यांचीही नावं नेमाने येऊ लागली. रंगकाराला मात्र आणखी थांबावं लागलं. या नावांमुळे वाचकाच्या डोळ्यांना शिस्त लागली. जॅक कर्बी यांची पेन्सिल तीच, पण शाई बदलली की पान बदलतं. विन्स कॉलेटा यांच्या बारीक, पिसासारख्या रेघांनी थॉर जुन्या कोरीव चित्रातून उठून आल्यासारखा वाटतो. जो सिनॉट यांच्या शाईत ‘फँटॅस्टिक फोर’ची यंत्रं पॉलिश केल्यासारखी चकाकतात. एकदा हा फरक दिसला की तो न पाहता कॉमिक वाचताच येत नाही. रंगांचं म्हणाल तर छपाईत निळसर, किरमिजी आणि पिवळा, प्रत्येकाच्या तीनच छटा. मिश्रणं धरून ६४ रंग. तेवढ्या पेटीत ती सगळी विश्वं मावली.

आणि मूळ पानं? छापून झाली की कचरा, असाच बहुतेकांचा समज होता. कितीतरी फाडली गेली, काही भेट म्हणून वाटली गेली. कर्बी यांना आपली पानं परत मिळवायला मार्व्हलशी वर्षानुवर्षं झगडावं लागलं. १९८७ मध्ये हजारोंपैकी सुमारे दोन हजार हाती आली. त्या भांडणात चाहते आणि सहकारी चित्रकार उघडपणे त्यांच्या बाजूने उभे राहिले. एक संच मात्र सहीसलामत आहे. स्पायडर-मॅन पहिल्यांदा आला तो १९६२ चा अंक, त्याची स्टीव्ह डिट्को यांनी काढलेली २४ मूळ पानं, २००८ मध्ये कुणीतरी अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिली. छापील अंकात न दिसणारं सगळं मूळ पानांवर राहतं: शाईखालची पेन्सिल, चुकीवर फिरवलेला पांढरा रंग, समासातल्या सूचना. देणाऱ्याने आपलं नाव गुप्त ठेवलं.

फिंगर १९७४ मध्येच वारले होते. मुलांसाठी लिहिणारे मार्क टायलर नोबलमन यांनी त्यांच्या नातीला शोधून काढलं, तिने दावा लावून धरला, आणि २०१५ मध्ये बॅटमनचे प्रकाशक डीसी यांनी फिंगर यांचा वाटा मान्य केला. आता बॅटमनच्या अंकांत ओळ असते: निर्मिती बॉब केन, सोबत बिल फिंगर. ‘सोबत’ हा शब्द मला अजून खटकतो. पण दर अंकात आधी ती ओळ शोधतो, आणि मगच पान उलटतो.