नायगारा बघायला जाताय? गाडी 11 किलोमीटर आधीच थांबवा

कॅनडाच्या बाजूने गाडीने नायगाराला जाणार असाल तर माझं ऐका, थेट धबधब्यावर जाऊ नका, आधी 11 किलोमीटर अलीकडच्या क्वीन्स्टन गावाला जा. तिथे धबधबा नाहीये, पण साधारण 12,000 वर्षांपूर्वी, हिमयुगाचा बर्फ वितळून मागे हटला तेव्हा तो तिथेच कोसळत होता. तिथून नदीकाठच्या नायगारा पार्कवेने निघालात की डाव्या हाताला जी खोल घळ सोबत राहते ना, ती सगळी या धबधब्याने मागे मागे सरकत कोरलीये, आणि ती बघत गेलं तरच धबधबा कळतो असं मला अगदी मनापासून वाटतं.

तो सरकतो कसा? वरचा थर डोलोमाइटचा, टणक, आणि त्याच्याखाली शेल, म्हणजे मऊ, पापुद्रे सुटणारा खडक. उसळतं पाणी, तुषार आणि हिवाळ्यात भेगांत गोठणारं पाणी हा शेल पोखरत राहतात, वरचा थर आधाराविना पुढे लोंबकळत राहतो आणि एक दिवस स्वतःच्याच वजनाने तुटून खाली येतो. धबधबा तेवढा मागे गेला. मग परत तेच.

वाटेत व्हर्लपूलला, म्हणजे नदीतल्या मोठ्या भोवऱ्यापाशी थांबाच! इथे नदी जवळपास काटकोनात वळते, कारण धबधबा कठीण खडक कापत कापत इथवर आला आणि एका कितीतरी जुन्या, हिमनद्यांच्या गाळाने बुजलेल्या घळीला येऊन भिडला. तो भुसभुशीत गाळ पाण्यापुढे टिकणार कसा, भराभर वाहून गेला.

1841 मध्ये भूवैज्ञानिक चार्ल्स लायेल इथे आले होते. धबधबा वर्षाला 1 फूट सरकतो असं धरून त्यांनी या घळीचं वय 35,000 वर्षं काढलं. आकडा चुकला, कारण खरा वेग सरासरी 3 फुटांच्या आसपास होता, पण घळीची लांबी मोजून काळ मोजायचा हा विचारच केवढा मोठा आहे!

आता मात्र वेग खरंच वर्षाला फूटभर किंवा त्याहून कमी झालाय, कारण बरंचसं पाणी वर अडवून वीज बनवायला वळवतात. कॅनडा आणि अमेरिकेतल्या 1950 च्या करारानुसार पर्यटनाच्या सीझनमध्ये दिवसा सेकंदाला किमान 2,832 घनमीटर पाणी धबधब्यावरून सोडावं लागतं, रात्री आणि हिवाळ्यात त्याच्या निम्मं चालतं.

शेजारच्या अमेरिकन फॉल्सच्या, म्हणजे नायगाराच्याच अमेरिकेकडच्या छोट्या धबधब्याच्या पायथ्याशी दगडांचा मोठा ढीग दिसेल. त्याच्या वाट्याला पाणीच इतकं थोडं येतं की पडलेले दगड वाहून जात नाहीत. ते काढता येतील का हे बघायला 1969 मध्ये बांध घालून तो कित्येक महिने कोरडा ठेवला होता. अभ्यास झाला, सैल खडक बोल्टने पक्के केले आणि ढीग आहे तसाच राहू द्यायचं ठरलं.