पार्श्वभूमी : पल्स रायफल, ब्लँक काडतूस आणि ‘नकली’ हा शब्द

‘एलियन्स’ (१९८६) या विज्ञानपटात सैनिकांच्या हाती असलेल्या पल्स रायफलीचं कवच काढलं, तर आत दुसऱ्या महायुद्धातली थॉमसन एम१ए१ सबमशीनगन निघते. तिच्या नळीखाली कापून आखूड केलेली रेमिंग्टन ८७० शॉटगन, शॉटगनभोवती इटालियन स्पास-१२ शॉटगनची जाळी आणि पुढची पकड. वरून पत्र्याचं कवच, बाजूला उरलेल्या काडतुसांचा लाल आकडा. कथेतलं शस्त्र २२व्या शतकातलं, आतला बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा सरकता भाग, १९४० च्या दशकातला. दोन्ही बंदुका बार काढू शकत होत्या आणि चित्रीकरणात त्यांनी ते काढले.

ही पद्धत या चित्रपटाने सुरू केली नाही. युद्ध संपल्यावर ब्रिटनमध्ये लष्करी शस्त्रांचा मोठा साठा चित्रपटांना शस्त्रं भाड्याने देणाऱ्यांकडे आला होता. ‘स्टार वॉर्स’साठी १९७६ मध्ये अशाच पुरवठादारांकडून ९ मिमी स्टर्लिंग सबमशीनगन घेतल्या गेल्या. मॅगझिन आखूड केलं, वर रणगाड्याची दुर्बीण बसवली, नळीच्या छिद्रांवर पट्ट्या चिकटवल्या, की अवकाशातलं शस्त्र तयार. हान सोलो या पात्राचं पिस्तूल म्हणजे माउझर सी९६. त्याच्या तोंडाशी जर्मन विमानांवरच्या एमजी८१ मशीनगनचा फ्लॅश-हायडर, म्हणजे जाळ झाकणारा तुकडा, बसवलेला होता. ‘ब्लेड रनर’ने (१९८२) स्टायर रायफल आणि चार्टर आर्म्सचं रिव्हॉल्व्हर एकत्र केलं. खऱ्या बंदुकीला वजन असतं, हादरा असतो आणि तोंडातून जाळ निघतो. त्या काळी हे तिन्ही एकदम दुसऱ्या कशातून मिळत नव्हतं.

पल्स रायफलीच्या बाबतीत एक विसंगती रसिकांनी कधीच हेरली आहे. संवादात तिचं काडतूस १० मिमी, ‘केसलेस’ म्हणजे बिनपुंगळीचं आहे; पुंगळी म्हणजे दारू भरलेलं काडतुसाचं धातूचं कवच. ही कल्पना हवेतली नव्हती. त्याच सुमारास पश्चिम जर्मनीत बिनपुंगळीच्या काडतुसाची जी११ रायफल विकसित होत होती. पण चित्रपटातली बंदूक थॉमसन असल्याने ती पितळी पुंगळ्या बाहेर फेकणारच, आणि त्या उडताना दिसतात. याला चूक म्हणणं अन्यायाचं वाटतं. ती पुंगळी थांबवायची तर बंदूकच चालू देता आली नसती.

कारण ब्लँकवर, म्हणजे फक्त आवाज आणि जाळ काढणाऱ्या काडतुसावर, ऑटोमॅटिक बंदूक चालवणं हेच मुळात कसबाचं काम आहे. थॉमसन एम१ए१ ब्लोबॅकवर चालते. काडतुसातल्या वायूचा दाब पुंगळीला मागे ढकलतो, पुंगळी जड बोल्टला ढकलते. ब्लँकमध्ये पुढे शिसं नसतं, त्यामुळे वायू मोकळ्या नळीतून निसटतो आणि बोल्ट हलतही नाही. म्हणून नळीत आट्यांचं बूच बसवतात आणि त्याला बारीक छिद्र ठेवतात. सगळं गणित त्या छिद्रावर. छिद्र मोठं राहिलं, तर बोल्ट अर्ध्यातून परततो आणि रिकामी पुंगळी बाहेर पडायच्या खिडकीत अडकते. ते फार लहान झालं, तर दाब वाढून बोल्ट मागे आदळतो आणि भाग तडकतात. शिवाय प्रत्येक बारानंतर काजळी साचून तेच छिद्र आणखी आक्रसतं. ब्लँकची दारू बदलली, तर छिद्राचा व्यास पुन्हा जुळवावा लागतो.

तिसरा बिघाड जास्त धोक्याचा. थॉमसन उघड्या बोल्टवर चालते, म्हणजे बार काढण्याआधी बोल्ट मागे थांबलेला असतो. चाप सोडला, की बोल्टला मागे अडवून धरणारी खुंटी असते. दाब थोडासाच कमी पडला, तर बोल्ट नवं काडतूस उचलण्याइतका मागे जातो, पण खुंटीपर्यंत पोचत नाही. मग चापावरून बोट काढलं तरी मॅगझिन संपेपर्यंत बंदूक सुटलेली राहते. मिनिटाला सुमारे ७०० च्या वेगाने ३० काडतुसं संपायला जेमतेम अडीच सेकंद लागतात. तेवढ्यात घाबरलेल्या नटाने नळी कुठे वळवली, यावर बाकीचं ठरतं.

ब्लँकचा आकारही महत्त्वाचा. मॅगझिनमधून नीट वर सरकायचं तर काडतुसाची लांबी खऱ्याइतकीच हवी. म्हणून पुंगळीच लांब ठेवून तिचं तोंड गोळीच्या आकारात निमुळतं करत चुण्या घालून बंद करतात. बार झाला, की त्या चुण्या फुलासारख्या उमलतात. पडद्यावर उडणारी पुंगळी थांबवून पाहिली, तर तोंडाची ही फाटलेली कड दिसू शकते.

‘एलियन्स’मधलंच दुसरं शस्त्र, स्मार्टगन, म्हणजे जर्मन एमजी४२ मशीनगन, कॅमेरा पेलणाऱ्या स्टेडिकॅमच्या स्प्रिंगदार हातावर टांगलेली आणि मोटरसायकलचे भाग जोडलेली. नुसती एमजी४२ साडेअकरा किलोंच्या आसपास भरते. हा भार हातांवर न येता अंगात घातलेल्या जाकिटावर येतो, म्हणून नटाला ती वाहता येते आणि म्हणूनच ती हवेत तरंगल्यासारखी फिरते.

आता शब्दाकडे. इंग्रजीतल्या ‘प्रॉप गन’ला आपण मराठीत सर्रास ‘नकली बंदूक’ म्हणतो. प्रॉप म्हणजे दृश्यात वापरायची वस्तू, मग ती खरी असो वा खोटी. प्रॉप म्हणून ठेवलेली खुर्ची खरीच असते. तशी पल्स रायफलीतली थॉमसनही खरीच होती. ‘नकली’ म्हटलं, की तिची भीतीच जाते.

याहून मोठा घोळ ‘गोळी’ या शब्दाचा. मराठीत पुढचं शिसंही गोळी आणि अख्खं काडतूसही गोळीच. त्यामुळे ‘खोटी गोळी’ म्हणताना आपण दोन उलट वस्तू एकाच नावाने ओळखतो. ब्लँकमध्ये दारू आहे, शिसं नाही. डमीमध्ये शिसं आहे, दारू नाही. ब्लँक आवाज आणि जाळ यासाठी, डमी फक्त कॅमेऱ्याला दिसण्यासाठी, विशेषतः रिव्हॉल्व्हरच्या चक्रात पुढून शिसं दिसावं लागतं म्हणून. ही दोन्ही काडतुसं गैरसमजाने एकामागोमाग त्याच बंदुकीत गेली, तर काय होतं हे १९९३ मध्ये अमेरिकेतल्या विल्मिंग्टनला एका चित्रीकरणात कळलं. डमी खऱ्या काडतुसातली दारू ओतून बनवली होती, पण प्राइमर, म्हणजे बुडाशी ठोका बसताच पेटणारी टिकली, जिवंत राहिला होता. प्राइमरच्या एवढ्याशा जोराने शिसं पुंगळीतून सुटून नळीत अडकलं. पुढे त्याच रिव्हॉल्व्हरमध्ये ब्लँक भरलं गेलं आणि त्या दारूने अडकलेलं शिसं नटाच्या पोटात घातलं. एकही ‘खरी गोळी’ भरली गेली नव्हती, तरी माणूस गेला.

नुसतं ब्लँकही पुरेसं असतं. ऑक्टोबर १९८४ मध्ये एका मालिकेच्या सेटवर नटाने ब्लँक भरलेलं .४४ मॅग्नम कानशिलाला टेकवून चाप ओढला. वायूच्या झोताने कवटीचं हाड आत गेलं. आणि २१ ऑक्टोबर २०२१ रोजी अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत एका चित्रीकरणात ‘कोल्ड गन’ अशी हाक देऊन नटाच्या हाती दिलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये डमींच्या सोबत एक जिवंत काडतूस होतं. छायाचित्रण करणारी व्यक्ती मरण पावली. ‘कोल्ड’ म्हणजे बार न निघणारी. पण ही हाक बंदूक तपासत नाही, ती कुणीतरी तपासली असल्याचं फक्त सांगते.

कायद्याची बाजू ब्रिटनपुरती. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम १२ मुळे नटाला चित्रीकरणापुरती परवान्याविना बंदूक हाताळता येते, मात्र मशीनगनसारख्या प्रतिबंधित शस्त्रांना वेगळी अनुमती लागते. १९८८ नंतर शस्त्रं निष्क्रिय करण्याचे नियम आले, १९९५ मध्ये ते कडक झाले आणि एप्रिल २०१६ पासून युरोपीय निकषांनी हलणारे भागही वेल्डिंगने पक्के जोडून टाकायला लावले. पल्स रायफलीच्या हौशी प्रतिकृतींसाठी थॉमसन शोधणाऱ्यांना याचा थेट फटका बसला. नव्या निष्क्रिय थॉमसनचा बोल्ट ओढताच येत नाही.

दरम्यान चित्रीकरणं एअरसॉफ्ट (प्लास्टिकचे छर्रे मारणाऱ्या) आणि रबरी बंदुकांकडे सरकली, जाळ संगणकावर भरला जाऊ लागला आणि २०२१ नंतर हा ओघ वाढला. यात काही हरवतं, हे मान्य करायला हवं. बार झाला की नटाचे डोळे आपोआप मिटतात आणि चेहऱ्यावर खरा उजेड पडतो. पण धातूची नळी जिथे अजून वापरली जाते, तिथे क्रम ठरलेला आहे. बंदूक रिकामी करून नळीतून कांडी फिरवायची आणि उजेडाकडे धरून आरपार पाहायचं. मग प्रत्येक डमी कानाशी हलवायची. आत टाकलेल्या छर्‍याचा खुळखुळ ऐकू आला, की ती आत घालायची. कुशीत आरपार भोक असलेली असेल, तर ते भोक नटालाही दाखवायचं. जी खुळखुळत नाही आणि जिला भोकही नाही, ती बाजूला.