नामिब की कलहारी? वाळू दोन्हीकडे लाल, बाकी सगळं वेगळं

नामिबियाच्या सहलीची जाहिरात उघडली की पहिला फोटो ठरलेला असतो: शेंदरी वाळूची उंच टेकडी आणि तिच्या धारेवरून एकामागोमाग चढणारी माणसं. खाली दुसरा फोटो, काळ्या आयाळीच्या सिंहाचा. बघणाऱ्याला वाटतं, टेकडी चढून पलीकडे उतरलं की सिंह दिसणार. पण ती टेकडी नामिबची असते आणि सिंह कलहारीचा. दोन्ही ठिकाणांमध्ये गाडीने अख्ख्या दिवसाचं अंतर आहे. 'डेझर्ट सफारी' या एकाच नावाखाली दोन्ही विकलं जातं. त्यात आपल्याकडे या शब्दांनी आधी आठवते ती दुबईतली संध्याकाळ. मग काय, गोंधळ पुरा होतो.

गोंधळ व्हायला कारणंही आहेत. दोन्ही वाळवंटं आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडची. दोन्हीकडची वाळू लाल, कारण तिच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर आहे. लांब सरळ शिंगांचा, काळ्या-पांढऱ्या तोंडाचा ओरिक्स दोन्हीकडे भेटतो. आणि नामिबिया या एकाच देशात दोन्ही आहेत: पश्चिमेला समुद्रालगत नामिब, पूर्वेच्या सीमेकडे कलहारी आणि दोघांच्या मध्ये उंच पठार. राजधानी विंडहोक याच पठारावर आहे.

फरक आहे पाण्याचा. नामिबमध्ये पाऊस पडतच नाही म्हटलं तरी चालेल. कलहारीत पडतो, पण वर टिकत नाही. कुठे काय दिसेल, कधी जावं, बॅगेत काय भरावं, हे सगळं यावरूनच ठरतं.

नामिब ही अटलांटिकच्या काठाने अंगोलापासून दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेलेली सुमारे २,००० किलोमीटरची चिंचोळी पट्टी आहे. जगातल्या सर्वांत जुन्या वाळवंटांमध्ये तिची गणना होते. शेजारून बेंग्वेला नावाचा थंडगार सागरी प्रवाह वाहतो. त्याच्यावरची हवा थंड आणि जड, ती वर चढत नाही, त्यामुळे पावसाचे ढग बनत नाहीत. हिंदी महासागराकडून येणारे वारे इथे पोचेपर्यंत कोरडे झालेले असतात. किनाऱ्यावर वर्षाला वीस मिलिमीटर पाऊससुद्धा धड होत नाही. मात्र त्याच थंड हवेमुळे धुकं होतं आणि ते किनाऱ्यापासून पन्नास-साठ किलोमीटर आत शिरतं. नामिबचे बरेच लहान जीव जगतात ते या धुक्यावर. इथला एक काळा भुंगेरा पहाटे टेकडीच्या धारेवर चढतो, डोकं खाली आणि पाठ वर करून वाऱ्याकडे तोंड करून उभा राहतो. पाठीवर धुक्याचे थेंब जमतात, ओघळतात आणि थेट तोंडात येतात. कुइसेब नदीकाठच्या गोबाबेब केंद्रात १९६०च्या दशकापासून अशाच गोष्टींचा अभ्यास चालू आहे.

इथली वाळूही इथली नाही. ऑरेंज नदीने ती दक्षिण आफ्रिकेच्या आतल्या डोंगरांतून समुद्रात आणून टाकली, प्रवाहाने आणि लाटांनी किनाऱ्याने उत्तरेकडे सरकवली आणि मग वाऱ्याने उचलून आत नेली. म्हणून समुद्राजवळच्या टेकड्या फिकट पिवळ्या दिसतात आणि आत जावं तशी लाली वाढते. या वाळूच्या समुद्राला युनेस्कोने २०१३ मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलं.

जाहिरातीतला फोटो बहुतेक वेळा सोसुसव्लेई परिसरातला असतो. सेसरीमच्या फाटकातून आत साठेक किलोमीटर डांबरी रस्ता आहे. शेवटचे चार-पाच किलोमीटर मात्र भुसभुशीत वाळू. तिथे फोर बाय फोर गाडी नसेल तर गाडी लावून तिथल्या शटलने जावं. हट्टाने साधी गाडी घातलेले लोक वाळू उपसत बसलेले रोज दिसतात. पुढे चालत डेडव्लेई. कधीकाळी त्सौचाब नदीचं पाणी इथे पोचायचं, बाभळीच्या जातीची झाडं वाढायची. मग टेकड्यांनी पाण्याची वाट अडवली. सहा-सातशे वर्षांपूर्वी वाळलेली ती झाडं अजून उभी आहेत, उन्हाने काळी पडलेली. ती कुजली नाहीत, कारण लाकूड कुजायलाही ओल लागते आणि तेवढीही ओल इथे नाही. पांढरी भेगाळलेली जमीन, काळी खोडं, मागे लाल टेकडी, वर निळं आभाळ. फोटोत रंग वाढवलेत असं वाटतं, पण ते खरंच तसे असतात. फक्त सकाळी. नऊ-दहानंतर सावल्या जातात आणि टेकड्या सपाट दिसायला लागतात. फाटकाच्या आत मुक्काम केला तर सूर्योदयापूर्वी निघता येतं. जास्तीचे पैसे मोजायचेच असतील तर ते इथे मोजावेत.

आता कलहारी. मूळ वाळवंटाचं क्षेत्र सुमारे ९ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळजवळ तिप्पट. बोत्सवानाचा बहुतेक भाग, नामिबियाचा पूर्व भाग आणि दक्षिण आफ्रिकेचा उत्तरेकडचा एक कोपरा त्यात येतो. नैर्ऋत्येला वर्षाला दीड-दोनशे मिलिमीटर पाऊस आणि उत्तरेकडे जाता जाता पाचशेपर्यंत. पाचशे मिलिमीटर म्हणजे आपल्या माणदेशाच्या आसपासचा आकडा. त्याला वाळवंट कसं म्हणायचं? भूगोलाचे अभ्यासकही त्याला निमशुष्क प्रदेश म्हणतात. पण जमिनीत वाळूचा इतका जाड थर आहे की पडलेलं पाणी सरळ खाली जातं. वर नदी नाही, तळं नाही. गवत आणि झाडं मात्र भरपूर. टेकड्या आहेत, पण बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा मीटर उंचीच्या, लांबलचक आणि गवताने जागेवर धरून ठेवलेल्या. इथे धारेवरून चढतानाचा फोटो काढायला जाल तर निराश व्हाल.

गवत आहे म्हणून गवत खाणारे आहेत आणि ते आहेत म्हणून सिंह, चित्ता, बिबट्या, तरस. शेफर्ड्स ट्री नावाच्या इथल्या एका झाडाची मुळं बोअरवेल खणताना ६८ मीटर खोल सापडली होती. पाणी कुठे गेलंय हे झाडांना चांगलंच ठाऊक आहे.

दोन्हीकडची दोन फळं शेजारी ठेवली की हा फरक हातात धरल्यासारखा दिसतो. दोन्ही काकडी-कलिंगडाच्या कुळातली. नामिबमधलं नारा काटेरी झुडपावर लागतं. झुडपाला पानं नाहीत, कारण पानांतून पाणी उडून जातं. हिरव्या फांद्या आणि काटेच पानांचं काम करतात. मूळ वाळूखालच्या पाण्यापर्यंत पोचतं, त्यामुळे वर पाऊस पडो न पडो, फळ धरतं. कुइसेबच्या काठचे तोपनार लोक पिढ्यान्‌पिढ्या ते गोळा करत आलेत. गर शिजवतात, बिया वाळवून ठेवतात. कलहारीतलं त्साम्मा म्हणजे चक्क रानटी कलिंगड. पावसावर वेल पसरतो आणि पुढे कोरड्या महिन्यांत वाळूवर फळं नुसती पडलेली दिसतात. फळात जवळजवळ सगळं पाणीच, चव फिकी, कधी कडू. ओरिक्स ते फोडून खातात, तरस खातात आणि इथले मूळ रहिवासी असलेल्या सान लोकांनी पाणी नसलेल्या महिन्यांत यावरच तहान भागवली आहे. पाऊस गेला तर त्साम्माही गेलं.

या सान लोकांचा उल्लेख बहुतेक सहलींच्या पत्रकात 'बुशमेन वॉक' एवढाच असतो. बोत्सवानातलं सेंट्रल कलहारी गेम रिझर्व्ह १९६१ मध्ये झालं ते प्राण्यांबरोबर त्यांच्यासाठीही. पुढे १९९७ आणि २००२ मध्ये सरकारने त्यांना तिथून हलवलं. २००६ मध्ये बोत्सवानाच्या उच्च न्यायालयाने २००२ मधलं हलवणं बेकायदा ठरवलं. राखीव क्षेत्र म्हटलं की आत माणूस नाही असं आपण धरून चालतो, म्हणून हे माहीत असावं.

कधी जावं, याचं उत्तर नामिबपुरतं सोपं आहे: मे ते सप्टेंबर. कलहारीत मात्र जागेनुसार बदलतं आणि इथेच चुकीचं बुकिंग होतं. दक्षिण आफ्रिका आणि बोत्सवाना यांच्या सीमेवरच्या क्गालागाडी उद्यानात औओब आणि नोसोब या दोन कोरड्या नद्या आहेत. पात्रात पाणी कित्येक वर्षांतून एखाद्या वेळी येतं, पण पात्रातून रस्ता जातो आणि कडेने बोअरवेलचे पाणवठे आहेत. औओबमधल्या बोअरवेल पहिल्या महायुद्धाच्या वेळी, दक्षिण आफ्रिकेचं सैन्य तेव्हाच्या जर्मन वसाहतीकडे, म्हणजे आजच्या नामिबियाकडे, नेता यावं म्हणून खणल्या गेल्या. सैन्य गेलं, पाणी सिंहांना राहिलं. तेव्हा इथे कोरडा हिवाळा (तिकडचा, म्हणजे जून ते ऑगस्ट) चांगला: पाणवठ्यापाशी गाडी बंद करून थांबायचं. सेंट्रल कलहारीत उलट आहे. तिथे प्राणी जमतात ते पावसाळ्यात, डिसेंबर ते एप्रिल, डिसेप्शन व्हॅलीसारख्या जुन्या पात्रांमध्ये कोवळं गवत उगवतं तेव्हा. 'आफ्रिका म्हणजे जुलै-ऑगस्ट' हा मसाई माराचा हिशोब इथे आंधळेपणाने लावू नये.

एटोशाचा मात्र खुलासा हवा. नामिबियातलं सर्वांत प्रसिद्ध अभयारण्य म्हणून लोक ते नामिबमध्ये धरतात. तिथलं सुमारे ४,८०० चौरस किलोमीटरचं पांढरं मिठाचं मैदान भूरचनेने कलहारीच्या खोऱ्यात मोडतं. हत्ती, गेंडे, सिंह पाणवठ्यावर बघायचे तर तिथेच जावं, ओकाउकुएयोच्या कॅम्पमध्ये रात्री दिवे लावलेला पाणवठा आहे. क्गालागाडीत हत्ती, गेंडे, रानरेडे नाहीत, 'बिग फाइव्ह'ची (सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा, रानरेडा) यादी घेऊन गेलात तर अर्धी कोरी राहील. नामिबमध्येही हत्ती आणि सिंह आहेत, वायव्येला होआनिबसारख्या कोरड्या पात्रांत. किनाऱ्यावर सील मारणारे सिंह तिथलेच. पण ते थोडे आहेत, फार दूर हिंडतात आणि माहितगार वाटाड्याशिवाय सापडत नाहीत.

कुनोला सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आठ चित्ते आले, तेव्हापासून 'चित्ता बघायला नामिबला जाऊ' असंही ऐकू येतं. नामिबियातले बहुतेक चित्ते वाळूच्या टेकड्यांत नव्हे, तर पठारावरच्या खासगी शेतजमिनींवर राहतात. उद्यानात बघायचा तर क्गालागाडीतला औओबचा रस्ता चांगला.

कपड्यांचं थोडक्यात. वाळवंट म्हणून नुसते सुती कपडे नेणारे नामिबच्या किनाऱ्यावरच्या स्वाकोपमुंड गावाच्या धुक्यात कुडकुडतात, तिथे जानेवारीत, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्यातसुद्धा, सकाळी जॅकेट लागतं. कलहारीत जून-जुलैच्या रात्री पारा शून्याखाली जातो आणि उघड्या जीपमधली पहाटेची फेरी म्हणजे शिक्षा. कानटोपी न्याच. शाकाहारी असाल तर स्वतः रांधायची सोय असलेले कॅम्प घ्या, कारण संध्याकाळी सगळीकडे चुलाणावर मांसच भाजलं जातं.

वेळ एकाच ठिकाणापुरता असेल तर मी निसर्गचित्रं काढणाऱ्याला नामिबला आणि प्राण्यांसाठी तासन्‌तास थांबू शकणाऱ्याला कलहारीत पाठवीन. लहान मुलं असतील तर नामिब: टेकडीवरून घसरायला मिळालं की त्यांची तक्रार नसते, उलट गाडीत चार तास गप्प बसणं त्यांना जमत नाही. दोन्ही करायची असतील तर विंडहोकला परत यायची गरज नाही. सेसरीमहून मारिएंटालमार्गे, नामिबियाच्या सीमेवरच्या मटा-मटाच्या फाटकातून थेट क्गालागाडीत शिरता येतं. बहुतेक रस्ता खडीचा आहे, ताशी ऐंशीच्या वर जाऊ नका, आणि दोन स्टेपन्या असलेली गाडी मागा. गाडी आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालते. मात्र एका देशातून आत शिरून दुसऱ्या देशात बाहेर पडायचं असेल तर उद्यानात किमान दोन रात्री मुक्काम करावा लागतो, आणि त्याचं बुकिंग आधीच हातात हवं. शिवाय गाडी भाड्याची असेल तर ती सीमेपलीकडे न्यायचं परवानगीपत्र गाडी घेतानाच मागून ठेवा.