चाळणी कुठे बसवायची: सर्वेक्षण दुर्बिणींच्या रात्रीच्या पाइपलाइनमागचा इतिहास

सर्वेक्षण दुर्बीण आकाश पुन्हा पुन्हा टिपते आणि तिची पाइपलाइन, म्हणजे संगणकांवरची प्रक्रियेची साखळी, त्या चित्रांत काय बदललं ते शोधते. या पाइपलाइनबद्दल कुठेही चर्चा निघाली की ती फिरून एकाच प्रश्नावर येते. नव्या चित्रातून जुनं चित्र वजा केल्यावर जे उरतं, त्यातलं किती बाहेर पाठवायचं आणि किती आतच टाकून द्यायचं? २०१८ साली कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी, म्हणजे झेडटीएफ, सुरू झाली तेव्हा या प्रश्नाचं एक उत्तर ठरलं. पाइपलाइन सांभाळणाऱ्यांचं आजचं काम त्याच उत्तराने घडवलेलं आहे, त्यामुळे या टिपणात बाकीच्या इतिहासापेक्षा त्याला जास्त जागा आहे.

काचांचा, म्हणजे फोटोच्या काचेच्या प्लेटांचा, काळ थोडक्यात आटोपता येतो. १९३० मध्ये प्लूटो सापडला तो २३ आणि २९ जानेवारीला घेतलेल्या दोन काचा आळीपाळीने डोळ्यांसमोर आणून. सापडला मात्र १८ फेब्रुवारीला. पालोमारच्या ४८ इंची श्मिट दुर्बिणीने १९४९ ते १९५८ या काळात १४ इंची काचांवर आकाश उतरवलं, तेही पुढे अनेक वर्षं सावकाश वाचण्यासाठी. सकाळपर्यंत उत्तर हवं अशी कोणाची मागणीच नव्हती. तुलनेची कल्पना तेव्हाही आजचीच होती, फक्त वजाबाकी माणसाचा डोळा करत होता.

स्लोन सर्वेक्षणाने १९९८ पासून हे काम सीसीडीवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चिपवर, आणलं. न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंटवरच्या २.५ मीटर दुर्बिणीखाली ३० सीसीडी बसवलेले होते आणि आकाश त्यांच्यावरून सरकत जाई. रात्रीचा डेटा टेपवर उतरवून कुरियरने शिकागोजवळच्या प्रयोगशाळेत जायचा आणि प्रक्रिया तिथे व्हायची. काही दिवसांच्या या उशिराने कोणाचं अडत नव्हतं, कारण करायची होती ती तारे-दीर्घिकांची सूची. सूचीची एक मोठी सोय असते. चूक कळली की सगळं पुन्हा प्रक्रियेतून काढायचं आणि नव्या क्रमांकाने प्रसिद्ध करायचं. २०११ च्या आठव्या प्रकाशनात आकाशाची पार्श्वभूमी वजा करण्याची पद्धत बदलली, तेव्हा नेमकं हेच झालं. पाइपलाइनवाल्यांच्या एका पिढीला यातून सवय लागली की आजची चूक उद्याच्या आवृत्तीत दुरुस्त होते. रात्रीच्या अलर्टना, म्हणजे आकाशात काही बदललेलं दिसताच इतर खगोलशास्त्रज्ञांना पाठवल्या जाणाऱ्या सूचनांना, ही सवलत नाही. एकदा बाहेर गेलेला अलर्ट परत बोलावता येत नाही. तोपर्यंत त्याच्यावर दुसऱ्या दुर्बिणीचा वेळ खर्च झालेला असतो.

घाई आली ती सूक्ष्मभिंगामुळे (मधल्या वस्तूच्या गुरुत्वाने मागचा तारा काही काळ जास्त तेजस्वी दिसतो त्यामुळे) आणि अतिनवताऱ्यांमुळे, म्हणजे स्फोट पावणाऱ्या ताऱ्यांमुळे. चिलीतल्या लास कॅम्पानासवरच्या ओगल सर्वेक्षणाने १९९४ मध्येच पूर्वसूचना देणारी व्यवस्था उभी केली होती, पण ती आधी मोजून ठेवलेल्या ताऱ्यांची तेजस्विता कधी चढते ते पाहायची. जिथे आधी काहीच नोंदलेलं नाही तिथे नवं काही उगवलं तर ते पकडायला चित्रांचीच वजाबाकी हवी. त्यातली मेख अशी की वातावरणामुळे कोणत्याही दोन रात्री ताऱ्याचा ठिपका सारखा पसरलेला नसतो. जास्त रेखीव चित्र हिशेबाने तेवढंच पुसट करून मग वजा करायचं, ही पद्धत १९९८ मध्ये नीट बसवली गेली आणि पुढची जवळजवळ वीस वर्षं ती सगळ्यांनी वापरली. २०१६ मध्ये आलेली पद्धत दोन्ही चित्रांमधला गोंगाट आणि दोन्हींचा पसरटपणा एकदमच हिशेबात धरते. झेडटीएफने ती घेतली.

आता २००९ कडे येऊ, कारण आजच्या बहुतेक सवयी तिथल्या आहेत. पालोमार ट्रान्झियंट फॅक्टरी त्याच जुन्या ४८ इंची दुर्बिणीवर सुरू झाली. कॅमेरा हवाईतल्या एका मोठ्या दुर्बिणीवरून आणलेला होता आणि त्याच्या बारापैकी अकराच चिप चालत होत्या. चित्रं डोंगरावरून मायक्रोवेव्ह दुव्याने खाली येत, महासंगणकावर वजाबाकी होई आणि पुढच्या काही तासांत उमेदवारांची, म्हणजे नवी वस्तू असू शकेल अशा ठिपक्यांची, यादी माणसांसमोर ठेवली जाई. अडचण यादीच्या लांबीची होती. एका खऱ्या उमेदवारामागे शेकडो, कधी हजारभर खोटे निघायचे.

हे खोटे कसे दिसतात ते एकदा पाहिलं की पुढचा वाद कळतो. वजाबाकीचं कातरण, म्हणजे उमेदवाराभोवतीचा छोटा तुकडा, पडद्यावर आणलं की मध्ये एक पांढरा ठिपका आणि त्याला चिकटून तेवढाच काळा ठिपका दिसतो. याला सगळे डायपोल म्हणतात. दोन चित्रं एकमेकांवर पिक्सेलच्या काही अंशाने सरकलेली बसली की तेजस्वी ताऱ्याजवळ आणि दीर्घिकेच्या गाभ्यावर हमखास डायपोल उमटतो. वैश्विक किरणाचा ओरखडा याहून तीक्ष्ण, ताऱ्यापेक्षाही बारीक असतो. तेजस्वी ताऱ्याचं भूत फुगलेल्या कड्यासारखं पसरतं. मेलेला स्तंभ सरळ रेषेत ठिपके सोडत जातो. सरावलेल्या डोळ्याला यातला प्रत्येक प्रकार सेकंदाभरात ओळखू येतो, पण रात्रीला लाखो कातरणं असली तर तो सेकंदही परवडत नाही.

म्हणून खरं-खोटं ठरवणारे वर्गीकरणाचे प्रोग्राम आले. ते शून्य ते एक असा गुण देत, ठरावीक गुणाखालचं काढून टाकलं जाई आणि उरलेलं माणसं रात्रभर आळीपाळीने तपासत. हौशी लोकांनाही काही काळ या तपासणीत सामील करून घेतलं होतं. याचं फळ मोठं मिळालं: २४ ऑगस्ट २०११ ला एम १०१ दीर्घिकेतला अतिनवतारा स्फोटानंतर अर्ध्या दिवसाच्या आतच पकडला गेला. मात्र यादी सहकाऱ्यांपुरतीच राहत होती. त्याच सुमारास, २००७ पासून चालू असलेल्या कॅटालिना सर्वेक्षणाने उलटा मार्ग धरला होता. ते वजाबाकीऐवजी सूचीची सूचीशी तुलना करत आणि जे सापडेल ते लगेच सगळ्यांना खुलं करत. त्यांना खोटे कमी मिळत, पण दीर्घिकेच्या उजेडात मिसळलेल्या वस्तू हातून निसटत. दोन्ही बाजूंना आपलीच रीत बरोबर वाटत होती.

झेडटीएफचा कॅमेरा मोठा होता: १६ सीसीडी, जवळपास ६० कोटी पिक्सेल, एका वेळी ४७ चौरस अंश आकाश आणि ३० सेकंदांचं चित्र. प्रत्येक सीसीडी चार भागांत वाचला जातो, म्हणजे दर चित्रामागे ६४ स्वतंत्र तुकडे पाइपलाइनमध्ये शिरतात. इथे जुनीच रीत चालवायची की बदलायची हे ठरवणं भाग होतं. ठरलं ते असं: काही ढोबळ निकष सोडले तर पाच सिग्माच्या वर, म्हणजे गोंगाटाच्या पाचपटीहून ठळक, जे दिसेल त्या प्रत्येकाचा अलर्ट करायचा, खरे-खोटेपणाचा गुण त्यालाच जोडायचा आणि निवड घेणाऱ्यांवर सोडायची. प्रत्येक अलर्टमध्ये ६३ बाय ६३ पिक्सेलची तीन कातरणं असतात, नवं चित्र, जुनं चित्र आणि वजाबाकी. शिवाय आदल्या ३० दिवसांचा इतिहास. सार्वजनिक वेळेतले अलर्ट जून २०१८ पासून खुले झाले. चांगल्या रात्री त्यांची संख्या लाखांत जाते आणि शटर बंद झाल्यापासून साधारण पाव तासात ते बाहेर पडतात.

थोडक्यात, चाळणी दुर्बिणीच्या दारातून काढून घेणाऱ्याच्या घरात बसवली. याला विरोध होता आणि त्यातले मुद्दे पोकळ नव्हते. प्रत्येक गटाने आपली चाळणी नव्याने विणायची म्हणजे तेच काम दहा ठिकाणी. दोन-चार जणांच्या गटाला लाखांचा प्रवाह झेपत नाही. त्यांच्यासाठी मध्ये ब्रोकर (पूर्ण प्रवाह घेऊन, चाळून पुढे देणाऱ्या व्यवस्था) उभे करावे लागले आणि मग निवड त्या ब्रोकरच्या हाती गेली. १ जानेवारी २०१६ पासून अतिनवताऱ्यांची अधिकृत नोंद एकाच ठिकाणी होऊ लागली होती, तिथे कच्च्या दाव्यांची गर्दी होईल ही भीतीही रास्त होती.

तरीही निर्णय बरोबर होता असं माझं मत आहे, आणि त्याची दोन कारणं आहेत. पहिलं विज्ञानाचं. चाळणी ज्या उदाहरणांवर शिकते त्यांच्यासारखंच ती उचलते. डायपोलच्या भीतीने दीर्घिकांचे गाभे अतिनवताऱ्यांच्या शोधांतून सर्रास वगळले जायचे. पण महाकाय कृष्णविवर जवळ आलेला तारा फाडतं ते नेमकं गाभ्यातच. झेडटीएफच्या २०१८ ते २०२० या पहिल्या टप्प्यातून अशा ३० घटनांचा नमुना मिळाला. दारातच गाभे गाळले असते तर यातल्या किती हाती लागल्या असत्या याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

दुसरं कारण देखभालीचं, आणि ते फारसं कोणी मांडत नाही. खोटे उमेदवार ही पाइपलाइनची नाडी आहे. समजा दुपारी घेतलेलं फ्लॅट (पिक्सेलांची कमीजास्त संवेदनशीलता सुधारायला घेतलेलं सारख्या उजेडाचं चित्र) एका तुकड्यासाठी बिघडलं. दारात कडक चाळणी असेल तर त्या तुकड्यातून नेहमीपेक्षा थोडे कमी उमेदवार येतात, आणि थोडं कमी कोणाच्याच डोळ्यांत भरत नाही. सगळं बाहेर पाठवत असाल तर त्या एका तुकड्यातला आकडा सकाळी चौपट दिसतो. ६४ खणांच्या तक्त्यात एक खण लाल झाला की दहा मिनिटांत कारण सापडतं. स्थान जुळवणीतला शिल्लक फरक, झिरोपॉइंटची (तेजस्विता मोजायच्या पट्टीच्या आरंभबिंदूची) घसरण, पार्श्वभूमीतली पट्टी, यातलं प्रत्येक दुखणं आधी खोट्यांच्या संख्येत दिसतं. ज्यांनी हे रोज पाहिलंय ते कचरा मोजायचं थांबवायला सहसा तयार होत नाहीत.

किंमत मात्र सांभाळणाऱ्यांनीच मोजली. पूर्वी बिघाड घरातल्या घरात निस्तरता यायचा. आता तो पाव तासात जगभर पोचतो. अलर्टच्या रचनेत एखादा नवा रकाना घालायचा तर घेणाऱ्या प्रत्येकाला आधी कळवावं लागतं. संदर्भचित्राचा, म्हणजे वजा करायच्या जुन्या चित्राचा, पेच तर अजून पुरता सुटलेला नाही. झेडटीएफमध्ये एका भागाचं संदर्भचित्र करायला किमान १५ चित्रं लागतात. त्यांत एखादा अतिनवतारा आधीच पेटलेला असेल तर त्याचा उजेड पुढे कायम वजा होत राहतो. दोष कळल्यावर संदर्भचित्र बदललं की त्या जागेचा प्रकाशवक्र (काळानुसार तेजस्वितेचा आलेख) मध्येच पायरी चढतो किंवा उतरतो, आणि ती पायरी ताऱ्यात घडली की संगणकात, हे अलर्ट पाहून सांगता येत नाही. म्हणून संदर्भचित्र शक्यतो न बदलण्याकडे कल राहिला. एकाच जागी, ठिपका दिसो वा न दिसो, पुन्हा सक्तीने मोजमाप करून देणारी वेगळी सेवा गंभीर कामासाठी वापरावी लागते.

२०१९ नंतर एक नवं ओझं आलं. त्या वर्षीच्या मे महिन्यात स्टारलिंकचे पहिले साठ उपग्रह सुटले. झेडटीएफच्या संधिप्रकाशातल्या चित्रांपैकी अर्धा टक्का चित्रांत २०१९ च्या अखेरीस उपग्रहांचे पट्टे दिसत होते. ऑगस्ट २०२१ पर्यंत ते प्रमाण १८ टक्क्यांवर गेलं. लांब पट्टा ओळखणं सोपं आहे. फिरत्या उपग्रहावरून क्षणभर परावर्तित झालेली चमक मात्र हुबेहूब ताऱ्यासारखा ठिपका ठेवते, आणि तिला एका चित्रावरून खोटं ठरवायला काही आधार नसतो.

उपग्रहांवरून आणखी एक गाळणी इतिहासात येते, ती विज्ञानाने न बसवलेली. हवाईतल्या हालेआकालावर २०१० मध्ये सुरू झालेल्या पॅन-स्टार्स सर्वेक्षणाला लष्करी पैसा होता, आणि सुरुवातीला उपग्रहांचे पट्टे चित्रांतून काढून टाकल्याशिवाय चित्रं शास्त्रज्ञांना मिळत नसत. त्यात पट्ट्याभोवतीचं चांगलं आकाशही जाई. २०११ च्या अखेरीस ही अट उठली. चिलीतल्या सेरो पाचोनवरच्या रुबिन वेधशाळेत गुप्त उपग्रह झाकण्याचा तोच विषय वेगळ्या रूपात परत आला आहे. तिची पहिली चित्रं २३ जून २०२५ ला जाहीर झाली. ३२० कोटी पिक्सेलच्या कॅमेऱ्यातून रात्रीला सुमारे २० टेराबाइट चित्रं येतात. अलर्ट ६० सेकंदांत द्यायचा आणि पूर्ण चित्र मात्र ८० तास रोखून ठेवायचं, अशी तडजोड झाली आहे. त्या ८० तासांत अलर्ट पाहणाऱ्याकडे फक्त कातरणं असतात. शेजारच्या ताऱ्याचं भूत कुठून आलं, पट्टा कोणत्या दिशेने गेला, हे मोठ्या चित्रावरच कळतं. ते पाहण्याचा हक्क तेवढा काळ पाइपलाइन चालवणाऱ्यांकडेच राहतो.

निवडीचा प्रश्न रुबिनने झेडटीएफच्याच बाजूने सोडवला: पाच सिग्मा, सोबत गुण, आणि पूर्ण प्रवाह मोजक्या सात ब्रोकरांना. पुढे रात्रीला एक कोटीपर्यंत अलर्ट अपेक्षित आहेत. पण वजाबाकीला आधी जुनं चित्र लागतं आणि नव्या दुर्बिणीकडे ते नसतं. म्हणून पहिल्या वर्षात जिथे पुरेशी चित्रं जमली तिथलं संदर्भचित्र आधी, बाकीचं नंतर, असं तुकड्यातुकड्याने काम चालतं. ज्या भागाचं संदर्भचित्र तयार नाही तिथून त्या रात्री अलर्टच निघत नाही, मग तिथे काहीही पेटलेलं असो.