आकाशातले डोळे फुटले तर?

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेची उपकरणं वर्षानुवर्षं वरच्या हवेवर नजर ठेवून आहेत. त्यातल्या रडारने ८०-९० किलोमीटर उंचीवरचे वारे मोजले. कॅमेऱ्यांनी त्याहून खूप वर, अडीचशे किलोमीटरच्या आसपास, ऑक्सिजनच्या अणूंतून रात्री येणारा लालसर उजेड टिपला. हा उजेड इतका मंद असतो की रंकाळ्याच्या काठावर रात्रभर मान वर करून बसलं तरी दिसायचा नाही. जुलै १९६२ मध्ये मात्र प्रशांत महासागरावरचं आकाश लोकांना नुसत्या डोळ्यांनी लाल झालेलं दिसलं. जॉन्स्टन बेटाच्या वर ४०० किलोमीटर उंचीवर अमेरिकेने १.४ मेगाटनचा अणुबॉम्ब फोडला होता. हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बच्या नव्वदेक पट ताकदीचा. चाचणीचं नाव होतं स्टारफिश प्राइम.

एवढ्या उंचीवर हवा जवळजवळ नसतेच, त्यामुळे धक्क्याची लाट नाही आणि आवाजही नाही. बॉम्बमधून सुटलेले गॅमा किरण खाली येतात आणि वीस-चाळीस किलोमीटरवरच्या दाट हवेत अणूंमधले इलेक्ट्रॉन उडवून लावतात. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र या इलेक्ट्रॉनना वळवतं आणि त्यातून रेडिओ लहरींचा प्रचंड झटका तयार होतो. खाली जमिनीवरच्या लांबलचक तारा तो आयताच पकडतात. हवाईमधल्या ओआहू बेटावर रस्त्यांवरचे सुमारे ३०० दिवे त्या रात्री गेले. स्फोटापासून ते अंतर साधारण १,४०० किलोमीटर होतं. दिल्लीच्या आभाळात काहीतरी फुटावं आणि कोल्हापूरच्या दसरा चौकात अंधार व्हावा, इतकं.

खरा घोळ पुढे झाला. स्फोटातून निघालेले असंख्य इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकले आणि किरणोत्साराचा एक कृत्रिम पट्टा तयार झाला. तो पुढे काही वर्षं विरला नाही. स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी सोडलेला अमेरिकेचाच टेलस्टार हा दूरसंचार उपग्रह काही महिन्यांत निकामी झाला. ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१ सुद्धा त्यात सापडला. तेव्हा आकाशात मोजके उपग्रह होते, त्यातल्या साधारण एक तृतीयांशांना फटका बसला. आज चालू उपग्रहांचा आकडा दहा हजारांच्या वर आहे.

अवकाशातल्या अणुबॉम्बवर बंदी आली ती या अनुभवानंतर. माणुसकीच्या नावाने मागणी आधीपासून होतीच. एप्रिल १९५४ मध्ये नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या निदान थांबवा असं आवाहन केलं होतं, पण मोठ्यांनी ते कानाआड केलं. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबावरून जग अणुयुद्धाच्या काठावर उभं होतं, तेव्हाही अमेरिका आणि सोव्हिएत संघ दोघेही उंच आकाशात बॉम्ब फोडून पाहत होते! असं म्हणू नये, पण आपलेच उपग्रह जळतात हे कळल्यावर शहाणपण जरा लवकर येतं. ऑगस्ट १९६३ मध्ये हवेतल्या, पाण्याखालच्या आणि अवकाशातल्या अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार मॉस्कोत झाला. भारताने त्यावर लगेच सही केली.

करार पाळला जातोय की नाही हे बघायला अमेरिकेने ऑक्टोबर १९६३ मध्ये वेला नावाच्या उपग्रहांची पहिली जोडी सोडली. चोरून केलेल्या स्फोटाच्या गॅमा किरणांसारख्या खुणा पकडणं हे त्यांचं काम. १९६७ मध्ये याच मालिकेतल्या उपग्रहांना गॅमा किरणांचा झोत सापडला, पण तो कुठल्याही बॉम्बचा नव्हता. तो दूरच्या विश्वातून आला होता. विश्वातल्या सर्वांत प्रखर स्फोटांपैकी एका प्रकाराचा, गॅमा किरण स्फोटांचा, शोध असा पहारेकऱ्याला लागला.

१९६७ चंच दुसरं अपत्य म्हणजे बाह्य अवकाश करार. त्याचं चौथं कलम सांगतं की पृथ्वीभोवतीच्या कक्षेत अण्वस्त्रं किंवा सामूहिक संहाराची इतर शस्त्रं ठेवायची नाहीत. चंद्रावर आणि ग्रहांवर तर लष्करी तळही नको. भारतासह शंभराहून जास्त देश या कराराला बांधील आहेत. पण कलम नीट वाचलं की त्यातल्या फटी दिसतात. खंडांतर क्षेपणास्त्र वाटेत अवकाशातून जातं, त्याला मनाई नाही. बिगर-आण्विक शस्त्र कक्षेत फिरवायला मनाई नाही. जमिनीवरून क्षेपणास्त्र सोडून उपग्रह फोडायलाही नाही.

आता कोणी म्हणेल, उपग्रह म्हणजे एक यंत्र, ते फोडलं म्हणून अणुयुद्ध कसं होईल? अमेरिका आणि रशियासारख्या अण्वस्त्रधारी देशांना समोरच्याने क्षेपणास्त्र सोडलं की नाही हे कळतं ते बहुतांशी उपग्रहांमुळे. रॉकेटच्या ज्वाळेची उष्णता ते वरून टिपतात. हे डोळे चुकले तर काय होतं त्याची झलक २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री मॉस्कोजवळच्या एका भूमिगत केंद्रात मिळाली. अमेरिकेतून एक, मग आणखी, अशी पाच क्षेपणास्त्रं निघाल्याचा इशारा सोव्हिएत उपग्रहांनी दिला. ड्यूटीवर स्तानिस्लाव पेत्रोव हा लेफ्टनंट कर्नल होता. हल्लाच करायचा तर कोणी पाचच क्षेपणास्त्रं कशाला सोडेल, असा त्याने विचार केला. जमिनीवरच्या रडारवरही काही नव्हतं. त्याने वर कळवलं की इशारा खोटा आहे. उंच ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रह फसला होता, हे नंतर निष्पन्न झालं.

हा डोळा चुकला होता, पण उघडा होता. तणावाच्या काळात तो अचानक मिटला तर? समोरच्याने मुद्दाम फोडला की कचरा लागून बंद पडला, हे ठरवायला हातात काही मिनिटं असतात. हल्ल्याची पहिली पायरी म्हणजे आपल्याला आंधळं करणं, असंच सेनापती समजणार. माझ्या मते अवकाशातल्या शस्त्रांचा सर्वांत मोठा धोका हाच आहे, आणि चित्रपटांत दिसणाऱ्या लेझरच्या लढायांमुळे तो झाकला जातो.

तरीही उपग्रह फोडून दाखवण्याची हौस चार देशांनी भागवून घेतली आहे. चीनने जानेवारी २००७ मध्ये साडेआठशे किलोमीटरच्या वर आपला जुना हवामान उपग्रह फोडला. त्याचे माग काढता येण्याजोगे तीन हजारांहून जास्त तुकडे झाले आणि कित्येक आजही फिरत आहेत. भारताने २७ मार्च २०१९ रोजी मिशन शक्तीत सुमारे ३०० किलोमीटरवरचा आपलाच उपग्रह पाडला. कोल्हापूरहून मुंबई सरळ रेषेत जेवढी लांब, तेवढीच ही उंची. तिथे थोडीफार हवा असते, तिच्या घर्षणाने बहुतेक तुकडे काही महिन्यांत जळाले, काही मात्र वर उडाले. रशियाने नोव्हेंबर २०२१ मध्ये उपग्रह फोडला, तेव्हा दीड हजारावर तुकडे झाले आणि आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकातल्या अंतराळवीरांना, त्यात रशियाचेही होते, आपापल्या यानांत आसरा घ्यावा लागला. अमेरिकेने हे उद्योग १९८५ आणि २००८ मध्येच करून ठेवले होते.

तुकड्यांची एवढी धास्ती का? एक किलोची गुळाची ढेप सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने आदळली तर साधारण बारा किलो टीएनटी या स्फोटकाएवढी ऊर्जा बाहेर पडते. कक्षेत समोरासमोरच्या धडकेत असे वेग सर्रास असतात.

मग सगळ्याच अवकाश शस्त्रांवर बंदी का नाही? १९८१ पासून संयुक्त राष्ट्रांत शस्त्रस्पर्धा रोखण्याचे ठराव होत आले आहेत. जानेवारी १९८५ मध्ये सहा देशांच्या नेत्यांनी दिल्लीत जाहीरनामा काढून हीच मागणी केली, त्यात राजीव गांधी आणि स्वीडनचे ओलोफ पाल्मे होते. जिनिव्हाच्या निःशस्त्रीकरण परिषदेत चर्चेचं गुऱ्हाळ चालूच आहे. रशिया आणि चीनने २००८ मध्ये कराराचा मसुदा मांडला, पण जमिनीवरून उपग्रह फोडणारी क्षेपणास्त्रं बाळगायला त्यात बंदी नव्हती आणि तपासणीची सोयही नव्हती. अमेरिकेने तो नाकारला. शिवाय शस्त्र ओळखायचं कसं? बंद पडलेला उपग्रह यांत्रिक हाताने धरून खाली आणणारं यान दुसऱ्याचा चालू उपग्रहही धरू शकतं. २०१९ च्या महापुरात पंचगंगेचं पाणी कुठवर पसरलंय याचे नकाशे उपग्रहांच्या चित्रांवरून काढले गेले. ढगांआडूनही जमीन पाहणारे रडारवाले उपग्रह अशा वेळी फार कामाचे, आणि त्याच रडारला ढगांखालचे रणगाडेही दिसतात.

म्हणून वस्तूपेक्षा कृतीवर बंदी घालणं मला जास्त व्यवहार्य वाटतं. उपग्रह फोडला की लपवता येत नाही, तुकडे साऱ्या जगाच्या रडारवर दिसतात. डिसेंबर २०२२ मध्ये क्षेपणास्त्राने उपग्रह फोडण्याच्या चाचण्या करणार नाही असं वचन देशांनी द्यावं, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत १५५ मतांनी संमत झाला. नऊ देश विरोधात गेले, त्यात रशिया आणि चीन होते. भारत तटस्थ राहिला. नुसती वचनं नकोत, कायद्याने बांधणारा करार हवा, ही आपली जुनी भूमिका आहे आणि ती तर्काला धरून आहे. पण चाचणी करून झाल्यावर वचन द्यायला हात आखडता घेणं मला तरी पटत नाही.

१९६७ चा अणुबॉम्बबंदीचा मूळ नियमही आता पक्का राहिलेला नाही. रशिया उपग्रहांविरुद्ध वापरायचं अण्वस्त्र बनवतोय असा आरोप अमेरिकेने २०२४ मध्ये केला, रशियाने तो फेटाळला. त्या एप्रिलमध्ये सुरक्षा परिषदेत अवकाशात अण्वस्त्रं न ठेवण्याचं बंधन पुन्हा अधोरेखित करणारा ठराव आला. तेरा देश बाजूने होते, चीन तटस्थ होता आणि रशियाने नकाराधिकार वापरला.

एकमेकांच्या टेहळणी उपग्रहांच्या कामात अडथळा आणायचा नाही, हे कलम अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या अण्वस्त्रकपातीच्या करारांत १९७२ पासून येत राहिलं. न्यू स्टार्ट या शेवटच्या करारातही ते होतं. त्याची मुदत एकदाच वाढवायची सोय होती, ती २०२१ मध्ये वापरून झाली, आणि वाढीव मुदत होती ५ फेब्रुवारी २०२६ पर्यंतची.